मूळचाच तसा!

बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला पैशाविषयी सगळं शिकवलं. पैसा म्हणजे काय, तो का वाढतो, का घटतो, कुणाच्या नावे टाकायचा आणि कुणाच्या खाती जमा करायचा. फक्त पैसा दिसतो कसा, हे कुणी शिकवलं नाही. पुढे बँकेत चिकटलो. तिथे तर पैशाकडे बघायची सोयच नाही, कारण सगळा वेळ तो मोजण्यात जातो. न्हाव्याला जशी डोकी दिसतात, माणसं दिसत नाहीत, तशी काउंटरवर बसणाऱ्याला रक्कम दिसते, नाणं दिसत नाही. इतकी वर्षं मी रोज नाणी हाताळतोय. पण दोन रुपयांच्या नाण्याच्या मागच्या बाजूला काय आहे असं तुम्ही एकाएकी विचारलंत, तर मी आधी तुमचं खातं आमच्याच शाखेत आहे ना, असं विचारीन.

मला नाण्याकडे बघायला शिकवलं आमच्या गल्लीतल्या निवृत्त ड्रॉइंगमास्तरांनी. मास्तरांचं पेन्शन आमच्या शाखेत येतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते येतात, पैसे काढतात आणि त्यातल्या दोनशे रुपयांची चिल्लर मागतात. चिल्लर मागणारा माणूस बँकेत देवासारखा दिसतो, कारण बाकीचे सगळे चिल्लर द्यायला आलेले असतात. ती घेऊन मास्तर बाकावर बसतात, खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावतात आणि एकेक नाणं उलटसुलट करून बघतात. एखादं बाजूला काढतात. उरलेली चिल्लर मला परत करून नोटा घेतात. आमचे हेडकॅशियर दर महिन्याला न चुकता म्हणतात, "मास्तर ना, मूळचेच चक्रम!"

हा 'मूळचेच' शब्द लक्षात ठेवा. आजचा सगळा मामला त्या शब्दाचा आहे.

मास्तर नाण्यांत काय शोधतात? चुका. आयुष्यभर पोरांच्या चित्रांतल्या चुका काढल्या, आता सरकारच्या काढतात. टांकसाळीतून चुकून वेडंवाकडं बाहेर पडलेलं नाणं शौकीन लोक दर्शनी किमतीच्या कैक पट देऊन घेतात. पण नाणं नुसतं वेडंवाकडं असून चालत नाही. ते जन्मतःच वेडंवाकडं असावं लागतं. बाहेर आल्यावर मार खाऊन वाकडं झालं असेल, तर त्याची किंमत जेवढ्याची ते नाणं तेवढीच, कधीकधी तेवढीही नाही. म्हणून कुठलंही बिघडलेलं नाणं हाती आलं की मास्तरांचा पहिला प्रश्न एकच असतो : "हे टांकसाळीत झालंय, की बाहेर?"

हे ओळखायचं तर नाणं होतं कसं ते ठाऊक पाहिजे. मास्तरांनी मला ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं. आपल्याकडे पोळी लाटून वाटीनं पुऱ्या कापतात ना, तशी धातूच्या लांब पट्टीतून चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून नरम करतात. मग त्यांची कड थोडी उभी करतात. शेवटी एक ठसा खाली, एक ठसा वर, भोवती लोखंडी कडं आणि मध्ये चकती असं ठेवून यंत्र कित्येक टनांचा एकच ठोका देतं. झालं नाणं! आपल्या देशात हे काम मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळी करतात. सालाच्या खाली मुंबईची चौकट असते, हैदराबादचा तारा असतो, नोएडाचा गोल ठिपका असतो. कोलकाता कसलीच खूण करत नाही. काही अर्धवट शौकीन 'बिनखुणेचं दुर्मिळ नाणं' म्हणून हे कोलकात्याचं नाणं विकायला काढतात. मास्तर म्हणतात, "सही केली नाही म्हणून चूक होत नाही. तुमच्या बँकेत किती कागद बिनसहीचे फिरतात!" मी विषय बदलतो.

तर टांकसाळीच्या चुकाही तीन जातींच्या. चकतीची चूक, ठशाची चूक आणि ठोक्याची चूक. मास्तर याला आई, बाप आणि मुहूर्त म्हणतात.

चकतीची चूक म्हणजे पुरी कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरीला अर्धचंद्राचा चावा पडतो, तसं. आता हा चावा कानशीनं घासूनही पाडता येतो. मग खरा कुठला? मास्तरांनी मला गंमत दाखवली. खरा चावा असेल, तर त्याच्या अगदी समोरची कड दबलेली, अस्पष्ट असते. कारण कड उभी करणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी सारखी दाबली जावी लागते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही. कानस घेऊन बसलेल्या माणसाला चावा पाडता येतो, पण त्याच्या समोरची ही उणीव पाडायचं त्याच्या डोक्यातच येत नाही.

ठशाची चूक म्हणजे ठोके खाऊन खाऊन ठशालाच तडा गेला, की त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उठते. म्हणून बहुतेक वेळा वर आलेली रेघ टांकसाळीची आणि आत गेलेली रेघ जगाची. ओरखडा पडतो तेव्हा धातू आत खणला जातो आणि खणलेल्या धातूची बारीक कड ओरखड्याच्या काठावर उभी राहते, नांगरटीच्या तासासारखी. टांकसाळ अशी खुणेला माती सोडत नाही.

ठोक्याची चूक म्हणजे चकती नीट बसायच्या आतच ठोका पडला, की चित्र एका अंगाला सरकतं. पण सरकतं ते दोन्ही बाजूंनी. पुढचे सिंह सरकलेत आणि मागचा आकडा मात्र शहाण्यासारखा मधोमध आहे, असं दिसलं की संशय घ्यावा. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर आपलीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटवतं. याची नक्कल करायला लोक दोन नाणी एकावर एक ठेवून हातोडा हाणतात. ओळखायचं कसं? हातोड्याच्या नाण्यावर मूळचं दबलेलं चित्र आणि नवं उलटं चित्र एकाच जागेसाठी भांडत असतात. खऱ्या चुकीत भांडण नसतं. तिथे एकच चित्र असतं, तेही आरशातलं.

'शोले' (१९७५) मधल्या जयचं नाणं आठवतं? दोन्ही बाजूंना छापा! मास्तरांना ते नाणं अमिताभपेक्षा जास्त खटकतं. दोन बाजूंचे ठसे यंत्रात आपापल्या जागी वेगवेगळे बसवलेले असतात. त्यामुळे असं नाणं टांकसाळीतून सहसा येतच नाही. ते कारागिराकडून येतं. एक नाणं आतून कोरायचं आणि दुसऱ्याचा अर्धा भाग त्यात बसवायचा. कडेच्या आतून भिंग फिरवलं तर सांधा दिसतो, वाजवलं तर बद्द वाजतं. "म्हणजे जय टांकसाळीनं घडवलेला नव्हता, मैत्रीनं घडवलेला होता," असं मास्तर म्हणाले आणि भिंग पुसू लागले.

उरला बाहेरचा मार. त्याचे प्रकार मोजायला गेलं तर नाणी संपतील. तेजाबात बुडवलेली, चुलीत पडलेली, दाराखाली अडसर म्हणून ठोकलेली, आगगाडीखाली चपटी केलेली. या शेवटच्या बाबतीत आमच्या बीडची पोरं फार वर्षं निरागस होती. बीड शहराला आगगाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरात. त्याआधी रुळावर नाणं ठेवायचं म्हटलं तर परळी गाठावी लागायची, म्हणजे नाण्याच्या कितीतरी पट एस.टी.चं भाडं. या सगळ्यात सर्वांत सज्जन नुकसान म्हणजे झीज. ती हातातून हातात फिरून होते आणि नेहमी उंच भागापासून सुरू होते. चित्राचा सगळ्यांत वर आलेला भाग आधी गुळगुळीत होतो, कडेच्या आडोशाला असलेली अक्षरं शेवटपर्यंत टिकतात. कानशीनं घासलेलं नाणं असं पायरीपायरीनं झिजत नाही. मास्तरांनी हे सांगताना एक वाक्य वापरलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय : "जे पुढे येतं ते आधी झिजतं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा. किंमत म्हटलं की आमचं रक्त उसळतं. हा कुठला न्याय? एक नाणं टांकसाळीतून दारू पिऊन आल्यासारखं तिरपं बाहेर पडतं, एक दिवस बाजाराचं तोंड बघत नाही, मखमलीच्या डबीत बसतं आणि हजारो मिळवतं. दुसरं सरळ, खणखणीत, बंद्या रुपयासारखं बाहेर येतं, तीस वर्षं भाजीवाल्यापासून देवळाच्या पेटीपर्यंत राबतं, राबूनराबून त्याचा चेहरा जातो आणि शेवटी दुकानदार ते बोटानं मागे सरकवून म्हणतो, "हे नको, दुसरं द्या." जन्मजात दोषाला दाद आणि कामानं आलेल्या दोषाला दार!

माणसांतही तेच. बड्या घरचा माणूस लोकांशी तुसडेपणानं वागला, तर तो 'खानदानी विक्षिप्तपणा'. तोच तुसडेपणा शिपायानं केला, तर मेमो. मोठ्या गवयाचं विसरणं ही प्रतिभा, कारकुनाचं विसरणं हा निष्काळजीपणा. टांकसाळीचा शिक्का असला की चुकीचंही कौतुक!

आमच्या हिशेबशास्त्रानं निदान यंत्राला तरी न्याय दिलाय. कारखान्यात यंत्र आणलं की दरसाल त्याचा घसारा धरतात. वापरलं की झिजणार, हे गृहीतच. पाच वर्षांनी यंत्र कुरकुरायला लागलं तर कुठलाही हिशेबतपासनीस 'हे यंत्र मूळचंच आळशी' असा शेरा मारत नाही. तो घसाऱ्याचं खातं बघतो. जगात घसाऱ्याचं खातं नसलेली वस्तू एकच, ती म्हणजे माणूस. तो कुरकुरला की लगेच निदान : मूळचाच तसा!

बरं, हे निदानही सगळ्यांना सारखं नाही. आपण घरात चिडलो तर त्याला कारणं असतात. उकाडा असतो, साहेब असतो, साहेबाचा साहेब असतो. म्हणजे आपला दोष नेहमी बाहेरचा मार. शेजारी चिडला की मात्र त्याचा स्वभाव. म्हणजे त्याचा दोष नेहमी टांकसाळीचा. त्याच्या वडिलांपर्यंत, गावापर्यंत आणि फारच रंगात आलो तर जातीपर्यंत आपण टांकसाळ शोधत जातो. आपल्यासाठी घसारा आणि दुसऱ्यासाठी जन्मकुंडली, अशा या दोन खातेवह्या आपण इतक्या सफाईनं ठेवतो की प्राप्तिकरवाल्यांनाही हेवा वाटावा.

आणि कधीकधी तर नाण्यात दोषच नसतो. दोष नुसता बोलण्यात असतो. दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट घ्या. एकावर दहा रेघा, एकावर पंधरा. एकावर रुपयाचं नवं चिन्ह, एकावर नाही. झालं! आमच्या बाजारपेठेत कुणीतरी ठरवलं की यातलं एक खोटं. मग भाजीवाला घेईना, रिक्षावाला घेईना. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की आजवर काढलेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं खरी आहेत. पण रिझर्व्ह बँकेपेक्षा पानटपरीचा शब्द मोठा. उलटही होतं. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ सालचं साधं नाणं लाखोंना जातं, अशी आवई उठली आणि लोक डबे उपसत बसले. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आमच्या नावानं फी मागणाऱ्यांना भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये सांगावं लागलं. भिंग न लावता भाव ठरवला की असंच होतं, चढा असो की उतरता.

नाण्यांविषयी बोलायचा आम्हां बीडकरांना तसा ऐतिहासिक हक्क आहे. महंमद तुघलकानं तांब्यापितळेचा टंका काढला आणि तो चांदीच्या टंक्याच्या भावानं चालवा म्हणून फर्मावलं. ही गोष्ट साधारण १३२९ ते १३३२ या काळातली. पुढे वरंगळहून परतताना बीडजवळ या सुलतानाचा दात पडला. तो समारंभानं पुरून त्यावर कबर बांधली, असं फरिश्त्यानं लिहून ठेवलंय. आपला दात पडला तर आपण तो कौलावर फेकतो. पण सुलतानाच्या शरीराचं टांकसाळीनंतरचं नुकसानही इतिहासात जमा होतं!

त्याच्या टंक्याचं काय झालं, ते शाळेत सगळे शिकतात. घराघरांत टांकसाळी निघाल्या. लोकांनी तांब्याची भांडी मोडून टंके पाडले. इतिहासानं लगेच दोन निदानं केली : लोक मूळचेच बेइमान आणि सुलतान मूळचाच वेडा. मास्तरांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, त्या नाण्यावर असं काहीच नव्हतं की जे गावच्या सोनाराला घरी करता येऊ नये. चूक ठशाची होती. टांकसाळीनं दार उघडं ठेवायचं आणि आत आलेल्याची जात विचारायची, हे बरोबर नाही. आणि त्या 'वेड्या' सुलतानानं एक गोष्ट केली, जी शहाण्यांना सुचत नाही. त्यानं टंके परत बोलावले आणि बदल्यात खजिन्यातून चांदी दिली. खोट्याखऱ्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. नुकसान कुठे झालं, एवढंच शोधून तो थांबला नाही. ते कुणी भरायचं, हेही त्यानं ठरवलं.

मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. दोष टांकसाळीचा की बाहेरचा, हे ओळखणं ही नुसती शौकिनांची करमणूक नाही. ज्याच्या दारी दोष ठरतो, त्याच्या दारी बिल जातं. 'मूळचाच तसा' म्हणण्यात केवढी सोय आहे बघा! बिल परस्पर देवाकडे जातं आणि आपण मोकळे.

हे मला आमच्याच काउंटरवर कळलं. दिवस उन्हाळ्याचे होते. आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप संपलं की परततात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. हिशेब माणसांचा नाही, कोयत्यांचा. अशीच एक मावशी अनुदानाचे पैसे काढायला आली होती. तिनं अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रानं नाही म्हटलं. पुसून ठेवला, नाही. दुसरा ठेवला, नाही. रांग लांबत होती. मागचे एक पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "या अंगठाछाप लोकांचं मूळचंच हे असं आहे. चार इयत्ता शिकले असते तर सही केली असती."

मावशी वळून म्हणाली, "आवं दादा, आता अंगठा तरी कुठं ऱ्हायलाय छापायला?"

बाकावरून मास्तर उठले. चिल्लर तशीच ठेवून, हे विशेष. म्हणाले, "मावशी, हात बघू का?"

"ज्योतिष बघता का काय मास्तर?"

"नाही. नाणी बघतो."

तिनं हसून हात पुढे केला. मास्तरांनी भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं. मग रांगेला ऐकू जाईल असं, वर्गात बोलावं तसं बोलले, "मधल्या सगळ्या रेघा गेल्यात. कडेच्या शाबूत आहेत. म्हणजे ठसा उत्तम उमटला होता. ही झीज आहे, कोयत्याच्या मुठीची आणि उसाच्या पाचटाची. टांकसाळीला बोल लावायला जागा नाही."

"महा कोयता बोथट झाला तर लोहार हाय," मावशी म्हणाली, "अंगठा कुनाकडं न्यावा?"

याला उत्तर नव्हतं. मी तिला एकेक बोट ठेवायला सांगत गेलो. डाव्या हाताच्या करंगळीला यंत्रानं होकार दिला. करंगळी सगळ्यांत धाकटी, कामात सगळ्यांत मागे, म्हणून टिकलेली. जे पुढे येतं ते आधी झिजतं. मावशीनं नोटा दोनदा मोजल्या, पिशवीत घातल्या, पिशवी पदरात घातली आणि गेली. पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ घड्याळ बघत होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे कुणातच मूळचा दोष नसतो का? सगळी झीजच? नाही हो. असतात, टांकसाळीतून तिरपे आलेलेही असतात. शिवाय लबाडही असतात, आणि ते दोन्हीकडून असतात. एक आपल्याच हातानं नाणं ठोकून 'टांकसाळीची दुर्मिळ चूक' म्हणून विकतो. दुसरा स्वतःची हाव आणि आळस पुढे करून 'परिस्थितीनं मला असं केलं' म्हणून सांगतो. पहिल्याला मार लपवायचा असतो, दुसऱ्याला मूळ लपवायचं असतं. भिंग दोघांनाही लावायला हवं. सहानुभूती म्हणजे भिंग खिशात ठेवणं नव्हे.

पण मास्तरांचा एक नियम आहे. संशय असेल तर आधी मार धरायचा, टांकसाळ नंतर. जो 'ही टांकसाळीची चूक' म्हणतो त्यानं सांगावं की ती यंत्रात झाली कशी. चकती कुठे अडली, ठसा कुठे तडकला, ठोका कधी पडला. सगळं पायरीपायरीनं सांगता आलं तर ठीक; नाही तर तो दोष बाहेरचा. नाण्यांच्या बाबतीत हा नियम पाळला तर आपण फसत नाही. माणसांच्या बाबतीत पाळला तर आपण दुसऱ्याला फसवत नाही.

आणि बँकेनं निदान नोटेच्या बाबतीत याच्याही पुढे मजल मारली आहे. कायद्यानं विद्रूप केलेलं किंवा ठरल्यापेक्षा वजन घटलेलं नाणं चलनात धरलं जात नाही. पण मुद्दाम फाडलेली नसेल, तर फाटकी नोट आणलीत की आम्ही ती मूळची खराब होती का, असं बसून उकरत नाही. पट्टी घेऊन मोजतो, आणि मोजतो ते किती फाटली हे नाही, किती उरली हे. पन्नास रुपयांच्या किंवा त्यावरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा उरला असेल तर पूर्ण पैसे. चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर अर्धे. रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून डोळे पाणावल्याचं उदाहरण कॉमर्सच्या इतिहासात नसेल, पण हा नियम मला फार माणुसकीचा वाटतो. समोरच्या माणसात किती उरलंय हे मोजून पैसे द्यायचे ठरवलं, तर पुष्कळ माणसांचे पूर्ण पैसे निघतील.

मास्तरांनी त्या दिवशी उरलेली चिल्लर तपासली, एकही नाणं बाजूला काढलं नाही. जाताना म्हणाले, "आज एकच खरं नाणं बघितलं, पण ते चलनातलं होतं, मला ठेवता आलं नाही." हेडकॅशियरांनी त्यांच्याकडे बघितलं, पण नेहमीचं वाक्य काही म्हटलं नाही. तेवढ्यात चहा आला.

तेव्हा वाचकहो, यापुढे कुणाविषयी 'मूळचाच तसा' असं तोंडाशी आलं, तर आधी स्वतःला टांकसाळीचा पत्ता विचारा. चकती कुठली, ठसा कुणाचा, ठोका कधीचा, हे सांगता येत असेल तर खुशाल बोला. सांगता येत नसेल तर गप्प बसून चहा घ्या. साखर मात्र किती घालताय ते बघून घाला. ती कुणाच्या तरी अंगठ्यावरून आलेली असते.